पान वाचावयाचें, कीं पानाची आज्ञा पाळावयाची?

गेल्या पावसाळ्यांत आमच्या आंबिवलीस घडलेली एक लहानशी गोष्ट प्रथम सांगतों आणि मग मुख्य विषयाकडे वळतों. आमच्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहतात. मोहन्याच्या एन. आर. सी. कारखान्यांत त्यांची सारी उमेद गेली. तो कारखाना २००९ सालीं बंद पडला, तेव्हांपासून कागदपत्रें आणि कचेऱ्या हाच त्यांचा उद्योग होऊन बसला आहे. एके सायंकाळीं ते चष्मा आणि एक चिठोरें घेऊन आमच्याकडे आले. "सर, या कचेरीची सूचना संगणकावर लागली आहे म्हणतात. अर्जाची शेवटची तारीख कोणती, एवढें बघून सांगा." आम्हीं संगणक उघडून चिठोऱ्यावरचा पत्ता घातला. पान उमटलें तें पांढरें फटफटीत. मध्यभागीं इंग्रजींत एकच ओळ होती : हें संकेतस्थळ पाहावयाचें असेल तर जावास्क्रिप्ट चालू करा.

आमचा संगणक जुना आहे आणि त्यास लवकर धाप लागते. म्हणून ब्राउझरमधील स्क्रिप्ट चालविण्याची सोय आम्ही एरवीं बंद ठेवतों आणि लागेल त्या स्थळापुरतीच चालू करतों. तशी ती केली, पान पुन्हा मागविलें, आणि बऱ्याच वेळानें सूचना दिसली. ती नऊ ओळींची होती. तींत चित्र नव्हतें, नकाशा नव्हता, भरावयाचा तक्ता नव्हता, कीं कसला हिशेब नव्हता. नऊ ओळी मजकूर, आणि त्यांत एक तारीख.

ही हकीकत आम्हीं आमच्या एका माजी विद्यार्थ्यास सांगितली. अशीं पानें तयार करणें हाच त्याचा व्यवसाय आहे. तो हंसून म्हणाला, "सर, आजकाल जावास्क्रिप्ट बंद कोण ठेवतो? दोष त्या पानाचा नाहीं, तुमचा आहे." उत्तर विनयानें दिलेलें होतें, म्हणून आम्हांस त्याचा राग आला नाहीं. परंतु हें त्या एकट्याचें मत असतें तर आम्हीं लेखणी उचलली नसती. या धंद्यांतील बहुतेक सुशिक्षित तरुणांचें आज हेंच मत आहे, आणि तें इतकें रूढ झालें आहे कीं त्यास कारण देण्याची आवश्यकताही कोणास वाटत नाहीं. असल्या मताचा समाचार घेणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

ज्या वाचकांचा या विषयाशीं परिचय नाहीं, त्यांच्यासाठीं स्क्रिप्ट म्हणजे काय हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. संकेतस्थळाचें पान आपल्या यंत्रावर येतें तेव्हां त्यांत दोन प्रकारचा ऐवज असतो. एक मजकूर, म्हणजे अक्षरें, मथळे, चित्रें. दुसरा, आपल्या यंत्रानें काय काय करावें याच्या आज्ञा. या आज्ञांच्या मालिकेस स्क्रिप्ट म्हणतात, आणि त्या ज्या भाषेंत बहुधा लिहिलेल्या असतात तिचें नांव जावास्क्रिप्ट. या आज्ञा दूरच्या कोण्या यंत्रावर चालत नाहींत. त्या आपल्या घरांत, आपल्या यंत्रावर, आपल्या विजेवर चालतात. पोस्टाचा शिपाई पत्र टाकून निघून जातो. येथें पत्राबरोबर एक इसम घरांत येतो आणि पत्र तोच उघडून दाखवितो. हा इसम बहुधा सभ्य असतो, पुष्कळदां उपयोगीही असतो. घरांतील कपाटें त्यास उघडतां येऊं नयेत अशी तजवीज ब्राउझर तयार करणाऱ्यांनीं केलेली आहे, हेंही आम्ही कबूल करतों. तथापि आपण कोणतें पान किती वेळ पाहिलें, कोठें बोट ठेवलें, कोठून परतलों, याची वर्दी तो कोणाकडे पोंचवितो हें पानाच्या दर्शनी भागावरून कोणास कळत नाहीं. त्यास उंबरठ्याबाहेर थांबविण्याची कळ घरधन्याच्या हातीं असावी, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

या भाषेचा जन्म १९९५ सालचा. अमेरिकेंतील नेटस्केप कंपनींत ब्रेंडन आइक यांनीं तिचा पहिला नमुना दहा दिवसांत तयार केला. आरंभीं तिच्याकडून अपेक्षा किरकोळ होत्या : तक्त्यांत आंकड्याच्या जागीं कोणी अक्षर लिहिलें तर त्यास तेथल्या तेथें टोकावें, अशा प्रकारच्या. ज्यांनीं त्या काळीं नियम घातले त्यांस हेंही ठाऊक होतें कीं स्क्रिप्ट सर्वत्र चालेलच असें नाहीं. १९९७ सालीं पानें लिहिण्याच्या एच्‌टीएमएल भाषेची चौथी आवृत्ति निघाली, तींत 'नोस्क्रिप्ट' नांवाची एक खूण होती. हेतु असा कीं, जेथें स्क्रिप्ट चालणार नाहीं तेथें त्या खुणेंत वाचकास दुसरा पर्याय द्यावा. पुढें १९९९ च्या मे महिन्यांत वर्ल्ड वाइड वेब कॉन्सॉर्शियम या संस्थेनें अपंगांसही पानें सुगम व्हावींत म्हणून जे पहिले नियम प्रसिद्ध केले, त्यांत तर स्पष्ट कलमच होतें कीं स्क्रिप्ट बंद असतांही पान उपयोगांत आणतां आलें पाहिजे. २००८ च्या डिसेंबरांत त्या नियमांची दुसरी आवृत्ति निघाली तेव्हां हें कलम गळलें. आज त्या 'नोस्क्रिप्ट' खुणेंत काय सांपडतें? आमच्या शेजाऱ्यांस दिसली ती ओळ. पर्याय देण्यासाठीं राखलेल्या जागेंत आतां दटावणी लिहितात. पाणपोईच्या मांडवांत 'येथें पाणी मिळणार नाहीं' अशी पाटी लावावी, त्यांतलाच हा प्रकार होय.

आतां 'बंद कोण ठेवतो?' या प्रश्नाकडे वळूं. या प्रश्नाचें उत्तर ब्रिटिश सरकारच्या डिजिटल सेवा खात्यानें २०१३ सालीं मोजून दिलेलें आहे. त्यांच्या पानावर येणाऱ्यांपैकीं शेंकडा १.१ लोकांस स्क्रिप्टची सोय मिळत नव्हती. त्यांपैकीं ज्यांनीं ती स्वतः बंद केली होती किंवा ज्यांच्या ब्राउझरास ती मुळांत येतच नव्हती, असे लोक शेंकडा ०.२ होते. उरलेल्या शेंकडा ०.९ लोकांच्या ब्राउझरांत स्क्रिप्ट चालावयास हवी होती. ती त्यांच्याकडे निघाली आणि वाटेंत हरवली, कोणीं अडविली, किंवा पोंचून मोडली. म्हणजे अशा पांच माणसांपैकीं चौघांनीं कोणत्याही कळेस हात लावलेला नव्हता. 'दोष तुमचा आहे' हें वाक्य या चौघांस कोणत्या तोंडानें सांगावयाचें?

ही विलायतेची गोष्ट झाली. आमच्या वाटेवरची कोणासही पाहतां येईल. कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलमध्यें सायंकाळीं पाय ठेवावयास जागा नसते. एका हातानें कडी धरून दुसऱ्या हातांतील मोबाईलवर कोणी मुलीच्या प्रवेशाची यादी उघडीत असतो, कोणी उताऱ्याची चौकशी करीत असतो. शहाड मागें पडतें, आंबिवली येतें, टिटवाळा येतो. मोबाईलची लाट क्षणांत येते, क्षणांत जाते. अशा स्थितींत मजकूर आणि स्क्रिप्ट यांतील भेद डोळ्यांस दिसतो. मजकूर अर्धा आला तर तेवढा अर्धा वाचतां येतो. स्क्रिप्ट अर्धी आली तर कांहींच चालत नाहीं, आणि मजकूर आणण्याचें काम तिच्यावरच सोंपविलेलें असेल तर पांढऱ्या पानाखेरीज हातीं कांहीं लागत नाहीं. पान तयार करणारा मात्र आपल्या कचेरींत उत्तम यंत्रावर, उत्तम तारेवर तें तपासून पाहतो आणि सर्व कांहीं ठीक आहे असा शेरा मारतो.

या आज्ञांचें वजनही लहान नाहीं. देवनागरीचें एकेक अक्षरचिन्ह साठविण्यास यूटीएफ-८ पद्धतींत तीन बाइट लागतात. त्या हिशेबानें हा आमचा संबंध लेख चाळीस हजार बाइटांच्या आसपास बसेल. एच्‌टीटीपी आर्काइव्हच्या २०२४ सालच्या मोजणींत मोबाईलवरील मध्यम प्रतीच्या एका पानाबरोबर येणारी नुसती जावास्क्रिप्टच साडेपांच लाख बाइटांहून अधिक भरली. म्हणजे ओझें मालापेक्षां दहापटींहून जड झालें. नऊ ओळींच्या सूचनेसाठीं एवढी वरात कशाला, असा प्रश्न आम्हीं विचारला तर आमचा विद्यार्थी म्हणतो कीं तयार सांचे मिळतात, त्यांमुळें काम लवकर उरकतें. काम लवकर उरकतें हें खरें. परंतु तें करणाऱ्या एकाचें उरकतें, आणि वाचणाऱ्या हजारोंच्या माथीं बसतें. एकाची बचत हजारांच्या खर्चांत टाकणें यास काटकसर म्हणत नाहींत.

दुसरा आक्षेप असा कीं, स्क्रिप्ट बंद ठेवणारे लोक भित्रे किंवा संशयी असतात. संशय निराधार असता तर आम्हींही त्यांस हंसलों असतों. २०१८ च्या फेब्रुवारींत काय झालें तें पाहा. ब्राउझअलाउड नांवाची एक स्क्रिप्ट होती. वाचण्याची अडचण असणाऱ्यांस पान मोठ्यानें वाचून दाखवावें, एवढा तिचा सद्धेतु. अनेक सरकारी व सार्वजनिक स्थळांनीं ती आपल्या पानांस जोडून घेतली होती. कोणीं तरी त्या एका स्क्रिप्टमध्यें चार आज्ञा घुसडल्या, आणि चार हजारांहून अधिक स्थळांच्या वाचकांचीं यंत्रें त्यांच्या नकळत परक्यासाठीं आभासी चलन खणूं लागलीं. लोकांच्या माहितीचें रक्षण करणाऱ्या ब्रिटनच्या माहिती-आयुक्तांचें स्थळही त्यांत सांपडलें होतें. त्याच वर्षीं ब्रिटिश एअरवेज कंपनीच्या पानांत अवघ्या बावीस ओळींची स्क्रिप्ट चोरट्यांनीं घातली. तिकिटें काढणाऱ्यांच्या पैशाच्या कार्डांचे आंकडे ती परस्पर बाहेर पाठवीत राहिली. या प्रकरणीं २०२० च्या आक्टोबरांत त्या कंपनीस दोन कोटि पौंड दंड झाला. या दोन्ही ठिकाणीं स्थळें नामांकित होतीं आणि वाचकांचा विश्वास गैर नव्हता. प्रामाणिक यजमानाच्या घरींही पाहुण्यांबरोबर चोर शिरूं शकतो. म्हणूनच दाराला कडी असते. कडी लावणाऱ्यास भित्रा म्हणणें ही विचित्र नीति आहे.

एवढ्यावरून आम्ही स्क्रिप्टचे वैरी आहों असा ग्रह कोणीं करून घेऊं नये. तिचें मराठीवर ऋण आहे, आणि तें आम्ही आनंदानें मान्य करतों. या शतकाच्या पहिल्या दशकांत संगणकावर मराठी लिहावयाचें म्हणजे एक संकट असे. अनेकांच्या यंत्रांत देवनागरीची सोय नसे. असली तरी ती चालू कशी करावी हें ठाऊक नसे. अशा वेळीं 'गमभन' सारखीं साधनें मराठी संकेतस्थळांवर आलीं. रोमन कळा दाबाव्यात आणि पडद्यावर देवनागरी अक्षर उमटावें, हा चमत्कार स्क्रिप्टनेंच घडविला. परदेशांतील मराठी माणसांनीं आणि इंग्रजी शाळांत शिकलेल्या मुलांनीं त्या आधारावर मराठी लिहिलें, वाद घातले, कविता रचल्या. स्क्रिप्ट सर्वस्वी त्याज्य मानणाऱ्या कडव्या मंडळींनीं या उपकाराचा विचार करावा.

परंतु त्याच उदाहरणांत एक भेद आहे, आणि आमच्या सर्व प्रतिपादनाचें मर्म त्यांत आहे. तें मराठी लिहावयास स्क्रिप्ट लागे. एकदां लिहून झालेलें वाचावयास लागत नसे. अक्षर उमटलें कीं तें अक्षरच राही, आणि कळ बंद असणाऱ्यासही तें वाचतां येई. मराठी विकिपीडिया २००३ सालीं सुरू झाला. त्यांतील लेख आजही स्क्रिप्ट बंद ठेवून सुखानें वाचतां येतात. यावरून नियम असा निघतो : वाचावयाच्या गोष्टीस स्क्रिप्टची अट असूं नये, कांहीं करावयाचें असेल, नकाशा फिरवावयाचा असेल, पैसे भरावयाचे असतील, तेथें स्क्रिप्ट अवश्य असावी, आणि ती कशासाठीं हवी हें वाचकास त्याच्या भाषेंत सांगावें. हा नियम अशक्य आहे असें म्हणणाऱ्यांस आम्ही एवढेंच सांगतों कीं जगांतील एक अवाढव्य ज्ञानकोश तो रोज पाळीत आहे. नऊ ओळींच्या सूचनेस तो कां पाळतां येऊं नये?

खाजगी दुकानदारानें आपलें दुकान कसें सजवावें हा त्याचा प्रश्न आहे. गिऱ्हाईक न पटल्यास दुसरीकडे जाईल. सरकारी कचेरीच्या पानास हा न्याय लागत नाहीं, कारण दुसरी कचेरी नाहीं. २००५ सालच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यांतील चौथें कलम सांगतें कीं सार्वजनिक अधिकाऱ्यांनीं आपण होऊन माहिती प्रसिद्ध करावी, इंटरनेटवरही करावी, आणि ती लोकांस सहज मिळेल अशी असावी. प्रसिद्धि करतांना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागांत सर्वांत परिणामकारक ठरणारी पद्धति यांचा विचार करावा, असेंही तेंच कलम बजावतें. २०१५ सालच्या लोकसेवा हक्क कायद्यानें महाराष्ट्रांत अनेक दाखल्यांस मुदत बांधून दिली आणि कचेऱ्यांचें बरेंच काम पडद्यावर आलें. हें उत्तमच झालें. परंतु पूर्वीं सूचना कचेरीबाहेरच्या फळ्यावर लागे तेव्हां ती वाचणाऱ्यास, आधीं विशिष्ट जोडे घालून या, असें कोणी म्हणत नसे. फळ्याची जागा पडद्यानें घेतली असेल तर फळ्याचें औदार्यही पडद्यानें घेतलें पाहिजे. मराठी माणसासाठीं लावलेली सूचना इंग्रजी अटीमागें ठेवणें हें त्या कलमाच्या अक्षराला कदाचित् धरून असेल; त्याच्या हेतूला धरून खचित नाहीं.

राहिली गोष्ट कळेची. फायरफॉक्स ब्राउझरच्या पसंतीच्या पानावर 'जावास्क्रिप्ट चालू ठेवा' अशी एक चौकट पूर्वीं असे. २०१३ च्या आगस्टांत त्याची तेविसावी आवृत्ति निघाली तेव्हां ती चौकट काढून टाकली. कळ अजून आहे, पण ती आंतल्या माजघरांत. तिचा पत्ता ज्यास ठाऊक त्यानेंच शोधावी. क्रोममध्यें ती सेटिंगांत, गोपनीयतेच्या विभागांत, स्थळांच्या सेटिंगांखालीं आहे, आणि एकेका स्थळापुरती ती उघडझांप करतां येते, हें त्यांच्या बाजूचें म्हणून नमूद करतों. जॉर्जिओ माओने या इटालियन गृहस्थानें २००५ सालीं 'नोस्क्रिप्ट' याच नांवाचें जोडसाधन काढलें, त्यामुळें फायरफॉक्स वापरणारांची कांहीं सोय झाली. पण मूळ चौकट लपविण्याचें समर्थन काय करतात? तर सामान्य माणूस चुकून ती बंद करतो, मग पानें मोडतात, आणि तो ब्राउझरास दोष देतो. या युक्तिवादाची मौज अशी कीं पानें मोडतात हें त्यांत गृहीतच धरलें आहे. तीं मोडणार नाहींत अशा रीतीनें लिहा, असें कोणास सुचलें नाहीं. वाचकाचा हात बांधा, हें मात्र सुचलें. आणि हात बांधून कांहीं वर्षें लोटल्यावर तेच पुनः विचारतात कीं ही कळ आतां वापरतो कोण?

१८३२ सालीं बाळशास्त्री जांभेकरांनीं 'दर्पण' काढलें. त्या पानांशीं वाचकाचा संबंध सरळ होता : किंमत द्यावी आणि वाचावें. वाचक कंदिलाच्या उजेडांत वाचतो कीं उन्हांत, एकदां वाचतो कीं दोनदां, याशीं पानाला कर्तव्य नव्हतें. वाचकानें पानाकडे पाहावें, पानानें वाचकाकडे पाहूं नये, हा छापील अक्षराचा जुना करार. जग बदललें, पानें हालूं बोलूं लागलीं, यांत वाईट कांहींच नाहीं. परंतु करार बदलावयाचा तर तो दोघांच्या संमतीनें बदलला पाहिजे. आणि संमति म्हणजे नाहीं म्हणण्याची सोय. जेथें 'नाहीं' म्हणतांच पान पांढरें होतें, तेथें 'होय' या शब्दास अर्थ राहत नाहीं.

तेव्हां आमचें मागणें तीन गोष्टींचें आहे. सरकारी व सार्वजनिक संस्थांनीं आपल्या सूचना, याद्या, तारखा आणि नियम स्क्रिप्टशिवाय वाचतां येतील असे ठेवावेत. ब्राउझर करणाऱ्यांनीं कळ दर्शनी जागीं, मराठी नांवानें, एकेका स्थळापुरती चालविण्याच्या सोयीसह द्यावी. आणि आमच्या महाविद्यालयांतून जे तरुण हा व्यवसाय शिकून बाहेर पडतात त्यांनीं आपलें प्रत्येक पान एकदां तरी कळ बंद करून उघडून पाहावें. या शेवटच्या गोष्टीस कायदा लागत नाहीं, पैसा लागत नाहीं. दोन मिनिटें लागतात. आमच्या विद्यार्थ्यानें तसें करण्याचें आम्हांस वचन दिलें आहे, आणि तो वचन पाळणारा आहे.

आमच्या शेजाऱ्यांची ती तारीख दोनच दिवसांवर आलेली होती. त्यांनीं ती चिठोऱ्यावर लिहून घेतली, दुसऱ्या दिवशीं सकाळची गाडी धरली, आणि त्यांचा अर्ज वेळेंत पोंचला. जातांना त्यांनीं विचारलें, "सर, तें पान आधीं कोरें कां दिसत होतें?" आम्हीं शक्य तेवढें सोपें करून सांगितलें. ऐकून ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "म्हणजे मी घरीं मोबाईलवर बघितलें तेव्हांही सूचना होतीच. मला वाटलें, अजून लावली नसेल." घरचा त्यांचा मोबाईल जुना आहे, त्यावर तेंच पान त्यांनीं आठ दिवसांत तीनदां उघडलें होतें, आणि तिन्ही वेळां कोरें पाहून, अजून वेळ आहे असें समजून, ते स्वस्थ बसले होते.